दवाखान्याच्या बिलाबाहेरचा खर्च

लातूर

प्रिय दोस्ता,

परवा फोन केलास तेव्हा तुझ्या दुकानासमोर खताची गाडी उतरत होती आणि हमालांचा गलका एवढा होता की धड बोलणं झालंच नाही. "मेडिक्लेम आहे आपला, मग हा गंभीर आजाराचा विमा आणखी कशाला? एजंट नुसता मागं लागलाय," असं तू म्हणालास. तुझं हो किंवा नाही माझ्या शब्दावर ठरणार आहे असंही म्हणालास, म्हणून सविस्तर लिहितो. रात्री दुकान बंद केल्यावर निवांत वाच, आणि वहिनींनाही वाचायला दे.

आधी या दोन विम्यांतला फरक सांगतो. मेडिक्लेम दवाखान्याचं बिल भागवतो. जेवढं बिल, तेवढे पैसे, तेही पॉलिसीच्या मर्यादेत, आणि ते बहुतेक वेळा थेट दवाखान्याच्याच खात्यात जातात. गंभीर आजाराच्या विम्यात बिलाचा संबंध नसतो. पॉलिसीत लिहिलेल्यांपैकी एखादा आजार झाल्याचं निदान झालं आणि तो अटींत बसला, की ठरलेली पूर्ण रक्कम एकदम तुझ्या खात्यात येते. पाच लाखांची पॉलिसी असेल तर पाच लाख, पंधराची असेल तर पंधरा. ती औषधाला लाव, टेम्पोचे हप्ते भर, नाहीतर लेकीची फी भर. कंपनी पावती मागत नाही. ऑपरेशनचं सगळं बिल मेडिक्लेमनं भरलं असलं तरी ही रक्कम वेगळी मिळते. म्हणूनच याला पूरक विमा म्हणतात. मेडिक्लेम नसताना नुसता हा घेणं बरोबर नाही.

ही कल्पना काढली ती एका डॉक्टरनं. दक्षिण आफ्रिकेतले हृदयशल्यचिकित्सक मारियस बर्नार्ड. 1967 च्या डिसेंबरात केपटाउनमध्ये माणसाच्या हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण करणारे ख्रिस्तियान बर्नार्ड हे त्यांचे थोरले भाऊ, आणि त्या ऑपरेशनच्या चमूत मारियसही होते. पुढं त्यांच्या लक्षात आलं की आपण ऑपरेशन करून वाचवलेली माणसं पैशापायी खचतायत, आजारी अंगानं कामावर जातायत. आयुर्विमा मेल्यावर पैसे देतो. जगलेल्या माणसाच्या हातात काहीच पडत नाही. म्हणून त्यांनी एका विमा कंपनीला सोबत घेऊन 1983 मध्ये या प्रकारची पहिली पॉलिसी बाजारात आणली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण हा विमा नेमका कोणासाठी आहे ते तिच्यात स्पष्ट दिसतं. आजारातून वाचणाऱ्या माणसासाठी आणि त्याच्या घरासाठी.

आमच्या दाजींचं तुला माहीतच आहे. जबड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा तू भेटायला आला होतास. मेडिक्लेम चांगला होता, ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्हींचे पैसे कंपनीनं दिले, त्याबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. पण घर कशानं बसलं ते मी जवळून पाहिलंय. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, असं सहा आठवडे. मशीनखाली पाच-दहा मिनिटं, पण त्यासाठी परगावी खोली घेऊन राहावं लागलं. ताई सोबत, लेकरं आमच्याकडं. खोलीचं भाडं, रोजची रिक्षा, नळीतून द्यायचं दूध-अंडी आणि ती डब्यातली पावडर, रेडिएशनआधी काढलेल्या दाढा, नंतर तोंड उघडावं म्हणून करायचे व्यायाम आणि त्यासाठीच्या चकरा. यातलं बरंचसं दवाखान्याच्या बिलावर आलंच नाही. आणि सगळ्यात मोठा फटका दुकानाचा. मोटार रिवायंडिंगचं काम, ऐन रब्बीचा हंगाम, विहिरीवरच्या मोटारी जळायचे दिवस. शेतकऱ्याचं पाणी थांबलेलं असतं, तो दाजी बरे व्हायची वाट बघत बसत नाही. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं, हाताखालचा पोरगा पुण्याला निघून गेला. दाजी बरे झाले, आज व्यवस्थित बोलतात, जेवतात. त्या काळात काढलेलं कर्ज मात्र ताई अजून फेडतीय. त्यांच्याकडं दहा लाखांचा हा विमा असता तर ते कर्ज काढावंच लागलं नसतं.

आता तुझं बघ. कृषी सेवा केंद्राचा धंदा म्हणजे सगळा मे-जूनचा खेळ. मृगाच्या आधी बियाणं आणि खत भरायचं, अर्धा माल उधारीवर द्यायचा, आणि सोयाबीन मोंढ्यात आलं की वसुली करायची. तू चार महिने दुकानात बसला नाहीस तर ती उधारी कोण वसूल करणार? खातेवही तुझ्या डोक्यात आहे. आपल्या भागात आजारपण म्हणजे नुसता दवाखाना नसतो, प्रवासही असतो. कॅन्सर म्हटला की संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त, नाहीतर थेट परळचं टाटा. तुझ्या सेलूहून यातलं एकही जवळ नाही. पेशंटबरोबर घरातलं दुसरं कमावतं माणूसही कामावरून उठतं, हे कुठल्याच बिलात येत नाही.

तू म्हणशील, सरकारची योजना आहे ना. आहे, आणि तिचा आधार मोठा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत होतात, तेही सगळ्या रेशनकार्डधारकांना. तुझं कार्ड आणि आधार नीट जुळवून ठेव, त्यात आळस करू नको. पण ती योजनाही मेडिक्लेमसारखीच आहे. तिच्या यादीतल्या दवाखान्याला, यादीतल्या उपचारासाठी पैसे जातात. बंद पडलेल्या दुकानाची भरपाई ती करत नाही.

रक्कम किती घ्यायची, हे एजंटनं सांगितलेल्या आकड्यावरून ठरवू नको. पाटी घे आणि मांड. घरखर्च महिन्याला 35 हजार धर. टेम्पोचा हप्ता 14 हजार. लेक लातूरला मेडिकलच्या 'नीट' परीक्षेच्या तयारीला आहे, तिची खोली, मेस आणि क्लासचा महिन्यावर पडणारा वाटा 12 हजार धर. झाले 61 हजार. मोठ्या आजारातून उठून पुन्हा पूर्ण ताकदीनं गल्ल्यावर बसायला दोन वर्षं लागतील असं धरलं तर 14 लाख 64 हजार होतात. म्हणजे पंधरा लाख. एजंट तुला तीन लाखांची पॉलिसी "स्वस्तात बसते" म्हणून दाखवतोय. तीन लाखांत तुझं घर पाच महिने चालेल. आणि दुसरा कोणी पन्नास लाख सांगेल तर तेही नको. दरसालचा हप्ता जड गेला की माणूस तिसऱ्या वर्षी पॉलिसी सोडून देतो आणि भरलेले पैसे पाण्यात जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथं तू पूर्ण लक्ष द्यावंस अशी माझी कळकळीची विनंती आहे. या विम्यात आजाराच्या नावावर पैसे मिळत नाहीत, व्याख्येवर मिळतात. तू पीक विम्यात हे भोगलंयस. रान डोळ्यांदेखत पाण्याखाली गेलं तरी 72 तासांत कळवलं का, नुकसान कशानं झालं, ते अटीत बसतं का, हे आधी बघितलं गेलं. इथंही तसंच. बरं, आपल्या देशात विमा नियामकानं मुख्य आजारांच्या व्याख्या सगळ्या कंपन्यांसाठी सारख्या ठरवून दिल्यात, त्यामुळं त्या एकदा समजून घेतल्या की कुठल्याही कंपनीचा कागद वाचता येतो.

कॅन्सर घे. पसरणारी, आजूबाजूच्या पेशींत घुसलेली गाठ लागते, आणि ती बायॉप्सीनं सिद्ध झालेली लागते. अगदी सुरुवातीचा, वरच्या थरातच असलेला कॅन्सर बसत नाही. थायरॉइडची लहान गाठ आणि प्रोस्टेटचा अगदी सौम्य प्रकारही बसत नाही. गुटख्यानं तोंड उघडेनासं होतं तो आजार तर कॅन्सरच नव्हे, त्यामुळं त्याचा प्रश्नच येत नाही. सुरुवातीच्या टप्प्यालाही थोडी रक्कम देणाऱ्या पॉलिसी आहेत, पण त्यांचा हप्ता जास्त असतो.

हार्टचं तर लोकांना मुळीच माहीत नसतं. छातीत दुखलं, अँजिओग्राफीत ब्लॉक निघाला, स्टेंट टाकला, की आपण सरसकट म्हणतो "अटॅक आला". कंपनीच्या व्याख्येत अटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूचा भाग मेलेला असणं. त्याला पुरावा म्हणून ईसीजीतले नवे बदल आणि रक्तात वाढलेलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) दिसावं लागतं. अटॅक न येताच ब्लॉक सापडला आणि स्टेंट बसला, तर हार्ट अटॅकच्या कलमाखाली पैसे मिळत नाहीत. बायपास वेगळ्या कलमात येते, मग ती छाती उघडून केलेली असो की छोट्या छेदातून. अँजिओप्लास्टी काही पॉलिसींत वेगळी धरलेली असते, आणि तीही बहुतेक वेळा पूर्ण रकमेला नाही. तुझ्या एजंटला सरळ विचार, "अँजिओप्लास्टी आहे का, आणि असेल तर किती रुपये?" तोंडी नको, कागदावर बोट ठेवून दाखव म्हणावं.

यातच एक बारीकशी गोष्ट सांगतो. आपल्याकडं अशा वेळी पहिला ईसीजी गावातल्याच डॉक्टरकडं निघतो, मग परभणी नाहीतर संभाजीनगरला पळवतात. तो पहिला ईसीजीच पुढं सगळ्यात मोठा पुरावा ठरू शकतो. आणि तो ज्या गुळगुळीत गुलाबी चौकटींच्या कागदावर असतो, त्यावरची रेघ उन्हानं, उष्णतेनं पुसट होत जाते. पेट्रोल पंपाच्या पावत्या बघ, तशाच. त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढायचा आणि झेरॉक्स करून ठेवायची. घरात सगळ्यांना हे सांगून ठेव, कारण त्या वेळी तू स्वतः काही करण्याच्या अवस्थेत नसशील.

लकव्याचंही असंच. मेंदूचा झटका येऊन गेला आणि माणूस दोन दिवसांत सावरला, तर पैसे नाहीत. हातापायातलं किंवा बोलण्यातलं व्यंग तीन महिने टिकल्याचा पुरावा लागतो. म्हणजे तीन महिने तर कंपनी थांबायलाच लावते, त्यानंतर कागदपत्रं. तेवढा काळ घर चालेल एवढी रक्कम बँकेत निराळी ठेवणं भागच आहे. किडनीच्या बाबतीत दोन्ही किडन्या कायमच्या निकामी होऊन नियमित डायलिसिस सुरू झालेलं किंवा प्रत्यारोपण झालेलं असावं लागतं. रक्ताच्या तपासणीत नुसतं क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनीचं काम मंदावल्याची खूण दिसली, एवढ्यानं भागत नाही.

एजंट तुला म्हणाला ना, "आमच्यात साठ आजार आहेत, दुसऱ्यांच्यात वीसच"? त्या आकड्यानं भुलू नको. कॅन्सर, हार्ट, लकवा, किडनी, मोठ्या अवयवाचं प्रत्यारोपण हे नीट धरलेलं असलं की माझ्या दृष्टीनं पॉलिसीचं मुख्य काम झालं. पुढच्या लांबलचक यादीत असे दुर्मीळ आजार असतात की ज्यांची नावं आपण आयुष्यात ऐकलेली नसतात.

दोन मुदती ध्यानात ठेव. पॉलिसी सुरू झाल्यापासून पहिल्या 90 दिवसांत आजार निघाला किंवा त्याची लक्षणं दिसली, तर साधारणपणे काही मिळत नाही. म्हणून ही गोष्ट दुखणं सुरू झाल्यावर करायची नाही. दुसरी मुदत ऐकायला कठोर वाटते. निदानानंतर ठराविक दिवस, बहुतेक ठिकाणी 30, काही ठिकाणी त्याहून कमी, रुग्ण जिवंत राहावा लागतो. त्याआधीच माणूस गेला तर ही पॉलिसी पैसे देत नाही, कारण ती वाचलेल्यासाठीच आहे. त्यासाठी टर्म इन्शुरन्स, म्हणजे माणूस गेल्यावर घराला पैसे देणारा आयुर्विमा, लागतो. म्हणून आधी मेडिक्लेम, मग टर्म, मग हा, असा क्रम मी सगळ्यांना सांगतो. तुझा टर्म इन्शुरन्स अजून नाही हे मला माहीत आहे. तो आधी काढ. त्याच्यातच गंभीर आजाराचा रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा कवच, घेता येतो. रायडर सोयीचा पडतो, हप्ता बहुतेक वेळा ठरलेला राहतो, पण मूळ पॉलिसी बंद पडली की तोही बंद. शिवाय काही रायडरमध्ये आजारात दिलेली रक्कम मृत्यूच्या रकमेतून वजा होते, काहींमध्ये होत नाही. हे विचारल्याशिवाय सही करायची नाही. स्वतंत्र पॉलिसी घेतलीस तर तिचा हप्ता वयाबरोबर चढत जातो, पण ती कुणावर अवलंबून नसते. तुझ्या बाबतीत मला टर्मबरोबरचा, वजा न होणारा रायडर बरा वाटतो.

आता तुझ्या बीपीच्या गोळीचं. तू म्हणालास की एजंट बोलला, "ते फॉर्ममध्ये लिहू नका, उगाच हप्ता वाढतो." दोस्ता, हे अजिबात ऐकू नको. बीपीची गोळी लिही, कधीपासून चालू आहे ते लिही, आधी तंबाखू खात होतास तेही लिही. हप्ता थोडा वाढला तर वाढू दे. क्लेमच्या वेळी कंपनी जुनी चिठ्ठी, मेडिकलची बिलं, डिस्चार्ज कार्डावरचा इतिहास सगळं बघते. डॉक्टर ॲडमिट करताना विचारतात, "बीपी किती वर्षांपासून?" आणि वहिनी खरं तेच सांगणार. ते एक वाक्य कार्डावर उतरतं आणि फॉर्मशी जुळत नाही. एजंटला कमिशन तेव्हाच मिळालेलं असतं, निस्तरायला घरची माणसं उरतात. आधीपासूनच्या आजारासाठी आरोग्य विम्यात थांबायचा काळ 2024 च्या नियमांप्रमाणं जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. तो मोजत राहण्यात काही कमीपणा नाही. फॉर्म स्वतः भर, एजंटच्या पोराला भरू देऊ नको, आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो ठेव.

वहिनींचंही काढायचं. तू फक्त स्वतःचं बोलत होतास. स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आपल्या बायकांत किती आहे ते तू आजूबाजूला बघतोसच. आणि वहिनी सहा महिने अंथरुणाला खिळल्या तर तुझं दुकान, तुझी आई, लेकरं यांचं कोण बघणार? गृहिणीला काही कंपन्या कमीच रकमेपर्यंत विमा देतात. मिळेल तेवढा घे, पण त्यांच्या नावावर घे.

पैशाचं थोडक्यात. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी उठलाय. कोणी अजून 18 टक्के लावून आकडा सांगत असेल तर हिशोब मागून घे. प्राप्तिकरात या हप्त्यावर सूट मिळते, मेडिक्लेम धरून 25 हजारांपर्यंत, पण जुनी कररचना घेतली असेल तरच, आणि हप्ता रोखीनं भरलेला चालत नाही. सूट मिळते म्हणून विमा घ्यायचा नाही, हे तुझ्या सीएलाही सांग.

पॉलिसी हातात आली की 30 दिवस तुझे असतात. त्या काळात वाचून पटली नाही तर परत करता येते, किरकोळ कापून पैसे मिळतात. सोबत एक माहितीपत्रक येतं, काय मिळतं, काय मिळत नाही, किती थांबायचं, हे सोप्या शब्दांत. ते मराठीत मागायचा तुला हक्क आहे. मागच.

क्लेम नाकारलाच तर रडत बसायचं नाही. कारण लेखी मागायचं, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं अर्ज करायचा, विमा नियामकाच्या 'विमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाकायची. एवढ्यानं झालं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. आपल्या मराठवाड्याचं काम पुण्याच्या कार्यालयाकडं येतं. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची प्रकरणं ते ऐकतात, आणि तक्रार ऑनलाइनही करता येते. कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं, एवढं सोडू नको.

आता तू एवढं कर. एजंटनं दिलेली कागदपत्रं, म्हणजे नुसतं रंगीत पत्रक नाही तर पॉलिसीच्या अटींची पूर्ण प्रत, मला व्हॉट्सअपवर पाठव. ती देत नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवर असते, मी काढून घेतो. पंधरवड्यात मी ताईंकडं येणार आहे, तिथून सेलूला येतो. रविवार धरून ठेव, दुकान बंद असतं. आपण दोघं मिळून तो कागद ओळीनं वाचू, वहिनींनाही बसव. तोपर्यंत कुठंही सही करू नको आणि चेकही देऊ नको.

काकूंना नमस्कार, लेकीला सांग की काही लागलं तर मामाचं घर इथंच आहे, रविवारी जेवायला येत जा म्हणावं.

तुझाच,
लातूरकर